पालकांचे प्रश्न : त्याचं लक्ष कुठं जातं, ते आधी पाहू या

प्रश्न : माझा मुलगा पहिलीत आहे, इंग्रजी माध्यमात. डिसेंबरअखेरीस सहा पूर्ण होतील. शाळेच्या डायरीत जवळजवळ रोज ‘क्लासवर्क अपूर्ण’, ‘लक्ष देत नाही’ असा शेरा असतो. पालकसभेत बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, ‘हायपर वाटतो, डॉक्टरांना दाखवा.’ घरी ठोकळे घेऊन तो तासभर एका जागी बसतो, पण अभ्यासाला बसवलं की पाच मिनिटांत पाणी, शू, पेन्सिलीला टोक. व्हॅन पावणेसातला येते. मिस्टरांना हिंजवडीहून यायला साडेनऊ होतात, तोवर तो झोपत नाही. सासूबाई म्हणतात, दोन रट्टे दिले की सुतासारखा सरळ होईल. मला दुपारी डायरी उघडायचीच भीती वाटते. काय करू?
— एक आई, धायरी

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही अगदी जाता जाता लिहिली आहे : डिसेंबरअखेरीस सहा पूर्ण. आपल्या राज्यात ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणाऱ्या मुलाला त्याच वर्षी जूनमध्ये पहिलीत प्रवेश मिळतो. म्हणजे शाळा सुरू झाली तेव्हा तुमचा लेक साडेपाच वर्षांचा होता. त्याच वर्गात जानेवारीत जन्मलेलं मूल असेल, तर ते तेव्हा जवळपास साडेसहाचं. बाई दोघांनाही एकाच फळ्यावरचा, एकच मजकूर, एकाच वेळात उतरवायला सांगतात. साडेपाच आणि साडेसहा यांत काय फरक असतो, ते पहिलीचा वर्ग घेतलेल्या कुणालाही विचारा. बोटांत फरक असतो, बसण्यात असतो, रडू आवरण्यात असतो. कॅनडात आणि तैवानमध्ये लाखो मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वर्गातल्या वयानं सर्वांत लहान मुलांना ‘एडीएचडी’चं, म्हणजे अतिचंचलतेचं, निदान जास्त वेळा मिळतं असं दिसलं. त्यामुळे बाईंचं ‘हायपर वाटतो’ ऐकून घ्या, पण त्यातून आधी हे एक वर्ष वजा करा.

आता ते अपुरं राहणारं क्लासवर्क. मोठ्यांना वाटतं, समोर लिहिलेलं उतरवायचं त्यात काय एवढं? मूल प्रत्यक्षात काय करतं ते जवळून बघा. मान वर करायची, फळ्यावर आपण कुठं होतो ती जागा शोधायची, ‘एलिफंट’मधली दोन-तीन अक्षरं डोक्यात धरायची, मान खाली घालायची, चार रेघांच्या वहीत बरोबर ओळ शोधायची, अक्षर कुठल्या रेघेवर बसतं ते आठवायचं आणि पेन्सिल फार न दाबता ते काढायचं. एवढं होईपर्यंत उरलेली अक्षरं डोक्यातून गेलेली असतात. परत मान वर. मध्येच शेजारच्याचं कोपर लागतं, मैदानावर पीटीची शिट्टी वाजते, की फळ्यावरची जागा पुन्हा शोधा. एकेका शब्दासाठी हे तीन-चारदा करणारं मूल दहापैकी चौथ्या ओळीला खिडकीबाहेर बघायला लागलं, तर ते दमलेलं असतं. त्याला आळशी म्हणणं मला कधीच पटलं नाही.

हे तुम्हाला घरीच बघता येईल. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर मोठ्या अक्षरांत चार-पाच शब्द लिहा आणि समोरच्या भिंतीला लावा. वर्गात फळा असतो साधारण तेवढ्या अंतरावर त्याला बसवा आणि उतरवून घ्यायला सांगा. तुम्ही फक्त शेजारी बसायचं. सुधारायचं नाही, ‘पटपट’ म्हणायचं नाही. तो डोळे बारीक करतो का? मान तिरकी करतो, उठून जवळ जातो? मग आधी डोळे तपासून घ्या. दिसतं व्यवस्थित, पण एकेका अक्षरासाठी मान वर होते? मग अक्षरं अजून पक्की नाहीत, तो शब्द वाचत नाही, नुसत्या रेघा उतरवतो आहे. अशा वेळी लिहिणं कमी करून वाचून दाखवणं वाढवा. अक्षरं येतात, पण मध्येच बोटं झटकतो, हात दुखतो म्हणतो? मग घरचं लेखन महिनाभर बाजूला ठेवा आणि हाताला कामं द्या : कणीक तिंबणं, लिंबू पिळणं, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावणं, मटार सोलणं. या तिन्ही प्रकारच्या मुलांच्या डायरीत शेरा एकच येतो, ‘लक्ष देत नाही’. उपाय मात्र तीन वेगळे आहेत.

डॉक्टरांकडे जरूर जा, पण आधी तुमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे, आणि साध्या गोष्टी विचारायला. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठून राहतं आणि कित्येक आठवडे कमी ऐकू येतं. असं मूल ‘अं?’, ‘काय?’ करत राहतं, टीव्हीचा आवाज वाढवतं, आणि मागच्या बाकावरून त्याला बाईंची निम्मी सूचनाच पोचते. रात्री घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, तर तेही सांगा. ॲडिनॉइड, म्हणजे नाकामागची ग्रंथी, वाढलेल्या मुलांची झोप रात्रभर तुटत राहते आणि दिवसा ती चिडचिडी, चुळबुळी होतात. हिमोग्लोबिन बघायला सांगा. या वयात ते साडेअकराच्या खाली असेल तर तो रक्तक्षय धरतात, आणि आपल्याकडे तो सुखवस्तू घरांतही आढळतो.

आणखी एक गोष्ट, जी शाळेत सहज नजरेतून सुटते. बोलता बोलता किंवा खेळता खेळता मूल काही सेकंद एकदम थांबतं, नजर एकटक लागते, पापण्या फडफडतात, हाक मारली किंवा खांद्याला हात लावला तरी भानावर येत नाही, आणि मग काहीच झालं नाही असं पुढे चालू लागतं. हा फिटचा एक सौम्य दिसणारा प्रकार असतो. औषधानं बहुतेक मुलांत तो आटोक्यात येतो. स्वप्नाळू मूल खांद्यावर हात ठेवला की आपल्याकडे बघतं, हे बघत नाही. असं काही दिसलं तर मोबाइलवर चित्रीकरण करून डॉक्टरांना दाखवा.

राहिला एडीएचडीचा प्रश्न. तो खरा असतो, औषधोपचारानं आणि मार्गदर्शनानं मुलांचं आयुष्य सोपं होतं, आणि त्याला लाज बाळगण्याचं कारण नाही. ठोकळ्यांत तासभर रमतो म्हणजे तो नसेलच असंही धरू नका, कारण आवडीच्या कामात अशी मुलंही गढून जातात. पण निदानासाठी ही लक्षणं सहा महिन्यांहून जास्त काळ, शाळा आणि घर अशा किमान दोन ठिकाणी, वयाच्या मानानं खूपच जास्त दिसावी लागतात, आणि ते निदान तज्ज्ञ करतात. पालकसभेत ते होत नाही. पहिल्या सत्राच्या शेऱ्यांवरून घाई करू नका. वर्ष सरेपर्यंत, बाकी सगळं करूनही, दोन्हीकडे तोच त्रास राहिला तर रास्ता पेठेत केईएम रुग्णालयाचं बालविकास केंद्र आहे, ससून आहे, तिथं दाखवा. सहा वर्षांखालच्या मुलांत पहिला उपचार म्हणजे आई-वडिलांना वागणुकीचं प्रशिक्षण. गोळ्यांचा विचार बहुधा त्यानंतर होतो.

आता झोप. इथं मी थोडी कडक बोलणार आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज नऊ ते बारा तास झोप लागते, तुमचा तर अजून सहाचाही नाही. पावणेसातच्या व्हॅनसाठी तो सहाला उठत असणार आणि दहा-साडेदहाला झोपत असणार. शनिवारपर्यंत त्याची किती झोप थकते, ते तुम्हीच मांडून बघा. बाबांची वाट बघणं मी समजू शकते. चांदणी चौकातून वारज्याकडे येताना बाबाही तितकेच कासावीस होत असतील. पण ही भेट रात्रीची सकाळी आणा. सकाळी उठवणं, आंघोळ घालणं, व्हॅनपर्यंत हात धरून नेणं हे बाबांचं काम ठरवून टाका. रात्री साडेआठला दिवा बंद. पहिले पाच-सहा दिवस रडारड होईल, मग घडी बसेल. झोपायच्या आधीचा एक तास घरातला कुठलाच पडदा चालू नको, आजीची मालिकासुद्धा नाही.

आणि व्हॅनच्या वेळेबद्दल : पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत, असं परिपत्रक शासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये काढलं आहे. तुमच्या शाळेची वेळ त्याआधीची दिसते. एकट्यानं भांडायला जाऊ नका. चार-पाच पालकांनी मिळून पालक-शिक्षक संघामार्फत लेखी विचारा.

इंग्रजीबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण मला ते सांगायलाच हवं. घरात मराठी आणि वर्गात पाच तास इंग्रजी, तर मुलाला प्रत्येक सूचना आधी उलगडावी लागते. ‘ओपन पेज ट्वेंटी टू अँड सर्कल द ऑड वन’ यात त्याला कोणता शब्द नक्की कळला? नाही कळलं की तो शेजाऱ्याच्या वहीत बघतो, आणि बाईंना दिसतं ते लक्ष नसलेलं मूल. बाईंकडून रोजच्या सूचनांचे दहा-बारा शब्द लिहून आणा : सर्कल, अंडरलाइन, मॅच, टिक, कॉपी डाऊन. घरी खेळात वापरा. ताटातल्या भाज्यांत ‘ऑड वन’ कोण, ते त्याला शोधू दे. पण घरातली मराठी मुळीच सोडू नका. रात्री मराठीतच गोष्ट सांगा आणि मध्येच थांबून ‘मग पुढं काय झालं असेल?’ विचारा. ऐकलेलं धरून ठेवायची सवय आपल्या भाषेतच लागते आणि मग दुसऱ्या भाषेत जाते.

बाईंना पुन्हा भेटा, पालकसभेत नको, वेगळी दहा मिनिटं मागून घ्या. तक्रार घेऊन जाऊ नका. वर्गात चाळीस मुलं असतील तर त्यांचीही दमछाक होत असते. एवढंच विचारा : कोणत्या तासाला जास्त होतं, डब्याआधी की नंतर, आणि तो शांत बसतो असा तास कोणता? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना बाईसुद्धा त्याच्याकडे नव्यानं बघतील. त्याला पहिल्या दोन बाकांवर, दारा-खिडकीपासून लांब, शांत मुलाशेजारी बसवायची विनंती करा. फळ्यावरचं निम्मंच उतरवलं तरी चालेल, ही सवलत महिनाभर मागा. आणि डायरीत रोज न झालेल्या कामाऐवजी झालेलं एक काम लिहाल का, असं विचारा. बऱ्याच बाई हो म्हणतात.

गृहपाठासाठी त्याला तासन् तास बसवू नका. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ देऊच नये असं स्पष्ट म्हटलं आहे. शाळा देत असेल तर पाच-सात मिनिटांचे तुकडे करा. पाणी, शू, टोक हे सगळं बसण्यापूर्वी उरकून घ्या, आणि त्याला आधीच सांगा की एवढ्या तीन ओळी झाल्या की उठायचं. तीन झाल्या की खरंच उठू द्या. ‘छान झालं, आता अजून दोन’ असं केलंत की उद्यापासून तो तिसरी ओळ संपवणारच नाही. सूचना एका वेळी एकच द्या. ‘दप्तर ठेव, हात धू, कपडे बदल आणि डबा ओट्यावर आण’ यातलं पहिलं आणि शेवटचंच बहुधा उरतं. स्वयंपाकघरातून ओरडण्यापेक्षा जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, सांगा, आणि त्याच्याकडून एकदा म्हणून घ्या.

संध्याकाळी पार्किंगमध्ये ‘शिवाजी म्हणतो’ खेळा. ‘शिवाजी म्हणतो, हात वर’ म्हटलं तर हात वर, नुसतं ‘हात वर’ म्हटलं तर जागचं हलायचं नाही. ऐकायचं, आणि अंगात आलेली उसळी थोपवायची, या दोन्हींचा सराव त्यात होतो, आणि वर्गात नेमकं हेच लागतं. लंगडी, स्टॅच्यू, लगोरी, काहीही चालेल. रविवारी तळजाईला न्या, चढू द्या, दमू द्या. सारसबागेसमोरच्या गरवारे बालभवनात मुलांना मोकळेपणी खेळू देतात, जमलं तर तिथं चौकशी करा.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा : रट्टा बसेल या धास्तीनं बसलेलं मूल पुस्तकात बघत नाही, मारणाऱ्याच्या हाताकडे बघत राहतं. दिसायला ते शांत असतं, पण त्याच्या डोक्यात काहीही जात नसतं. त्यापेक्षा दुपारी नातवाला शेजारी घेऊन त्यांनी तांदूळ निवडावेत. आजीजवळ बसून खडा शोधण्यात जे लक्ष लागतं ते खरं असतं, आणि त्यात त्यांचा हातखंडा असणार.

प्रश्न : मी हडपसर भागातल्या मनपा शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते. पोषण आहाराची खिचडी झाली की मुलं हाताबाहेर जातात. निम्मी पेंगतात, निम्मी भांडतात. आवाज चढवून माझा घसा बसतो.
— एक शिक्षिका

उत्तर : जेवणानंतरच्या तासाला गणिताचा नवा पाठ घेऊ नका. तुमच्या हातात असेल तर वेळापत्रकच फिरवा. नवीन आणि अवघड ते सकाळी, जेवणानंतर गोष्ट, चित्र, कविता, पाढे म्हणणं. ते शक्य नसेल तर पहिली दहा मिनिटं मुलांना उभं करा. टाळ्यांचा ठेका तुम्ही द्यायचा आणि मुलांनी तसाच परत करायचा, तोही दर वेळी आवाज कमी करत. शेवटी दोन बोटांची टाळी वाजते तेव्हा वर्ग आपोआप गप्प झालेला असतो. मग तुम्हीही हळू आवाजातच सुरुवात करा, म्हणजे ऐकण्यासाठी मुलांना गप्प राहावं लागतं.

जी दोन-तीन मुलं सतत उठतात त्यांना उठण्याचंच काम द्या : वह्या वाटणं, फळा पुसणं, खडू आणणं. आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा तपासणीला येतं, त्या दिवशी ही नावं काढून ठेवा. डोळे, कान, दात, रक्तक्षय हे सगळं ते पथक विनामूल्य बघतं आणि गरज असेल तर पुढे पाठवतं. पेंगणाऱ्यांचीही नावं द्या. गप्प पेंगणारी मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून तिचं नाव कुणीच काढत नाही. १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला ही मुलं गैरहजर राहणार नाहीत, एवढंही बघा.

प्रश्न : आमच्या सोसायटीत एका क्लासवाल्यांनी प्रात्यक्षिक केलं. डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं वाचतात, रंग ओळखतात. ‘मिडब्रेन’ जागा केल्यानं एकाग्रता वाढते म्हणे. मुलगी तिसरीत आहे. निम्मी फी भरून आलो आहे. पाठवू का?
— एक वडील, पिंपळे सौदागर

उत्तर : पाठवू नका. मेंदूचा तो भाग जन्मापासून जागाच असतो, नजर हलवणं, आवाजाकडे वळणं अशी त्याची कामं रोज चालूच असतात. पट्टीनं वाचता येतं ते नाकाच्या बाजूला राहणाऱ्या फटीतून. पुस्तक कपाळाच्या वर धरा किंवा फट कापसानं नीट बंद करा, वाचन थांबेल. अंनिसच्या कार्यकर्त्यांनी या प्रकाराला अनेकदा जाहीर आव्हान दिलं आहे.

मला पैशांपेक्षा जास्त काळजी मुलीची वाटते. फटीतून दिसतं हे तिला पहिल्याच दिवशी कळेल. मग आई-बाबा समोर टाळ्या वाजवत असताना तिनं काय करायचं? आठ वर्षांच्या मुलीला तुम्ही तुमच्याच आनंदासाठी खोटं बोलायला लावाल, आणि तिला ते कुणाला सांगताही येणार नाही. एकाग्रतेसाठी तिला रोज संध्याकाळी खाली खेळायला सोडा आणि वेळेवर झोपवा.

भरलेली फी लेखी अर्ज देऊन परत मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. टाळाटाळ केली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथं शुल्क लागत नाही. पावतीबरोबर प्रात्यक्षिकाच्या दिवशी वाटलेला जाहिरातीचा कागदही सांभाळून ठेवा. एकाग्रता वाढवण्याचं आश्वासन त्यावर छापलेलं असेल, तर तक्रारीत तोच कागद तुमच्या कामी येईल.